कटआउटची तार

दगडूभावजींनी आज पुन्हा विचारलं. सकाळी दारात येऊन उभे राहिले, आत काही आले नाहीत. "वैनी, उद्यापास्नं गाडी काढावी म्हनतो. दुधाच्या बाया रोज ईचारत्यात. पर त्या तारंचं काय करू? वढू का नको?"

मी बसा म्हटलं. ते ओट्यावर टेकले, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिले आणि थोड्या वेळानं उठून गेले. उत्तर मी दिलं नाही. म्हणून तुम्हाला विचारते आहे. तुमच्याकडून उत्तर येणार नाही हे मला कळतं, पण तुम्ही होतात तेव्हा तरी कुठल्या प्रश्नाला सरळ उत्तर दिलंत? "बघू की." लग्न झाल्यापासून मी हेच ऐकत आले.

तेरावं उरकलं. पाहुणे गेले. माझी माहेरची माणसंही काल वराळ्याला परत गेली. मला रडू आलेलं नाही. बायका जवळ बसतात, पाठीवरून हात फिरवतात, म्हणतात, रड बाई, मोकळी हो. मी मान हलवते. तांदूळ निवडते, भांडी घासते, आणि मधेच लक्षात येतं की घासलेलंच भांडं पुन्हा घासते आहे. पायाला मुंग्या येऊन तो बधिर व्हावा, तसं आतून झालं आहे. दुखत नाही. दुखायला लागेल तेव्हा कळेल.

दहाव्याला इंद्रायणीकाठी पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला म्हणे. भावजींनी घरी येऊन सांगितलं, "दादाची विच्छा काय मागं ऱ्हायली न्हाई." सगळ्यांना बरं वाटलं. मला तुमचा थोडा रागच आला. एरवी ताट वाढून हाका मारल्या तरी गाडीखालून बाहेर यायचा नाहीत, आणि या वेळी मात्र एवढी घाई. इच्छा राहिली नाही म्हणे, मग त्या तारेचं काय?

तारेची गोष्ट गाडीच्या आवाजापासून सुरू होते. तुम्ही ती गाडी खंडाळ्याच्या एका बंगलेवाल्याकडून घेतलीत तेव्हाच ती म्हातारी होती. पुढं मोटारीसारखं तोंड, मागं फळ्यांचा उघडा हौदा. तो साहेब तिला पिकअप म्हणायचा. आपल्या कार्ल्यात ती दुधाची गाडी झाली. सकाळी खाली कामशेतापर्यंत जायचं, वर येताना गावोगावचं दूध घ्यायचं आणि ते लोणावळ्या-खंडाळ्याच्या हॉटेलांना आणि बंगल्यांना घालायचं. आवाज असा की भिंतीवरची भांडी हलावीत. धुराची नळी इंजिनापाशीच तडकलेली होती, तिला तुम्ही पत्र्याची पट्टी आणि तार गुंडाळली होती. नळीवरचा सायलेन्सर तर सडून चाळणी झालेला. आवाज बाहेर जायचा आणि धूर पायाखालच्या फळ्यांच्या फटींतून आत, तुमच्या नाकाशी.

दुपारी परत आलात की डोकं धरून ओट्यावर बसायचात. डोळे लाल. भाकरीचा वाससुद्धा नको व्हायचा. मी म्हणायचे, ती नळी बदला. तुम्ही म्हणायचात, "दूध देनाऱ्याला आवाज लागतू. म्हैस तरी हाक मारल्याबिगर येती का?" लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना तेव्हा गाडी गोठ्याशेजारी नुसती उभी होती, आणि तेवढे महिने तुमचं डोकं एकदाही दुखलं नाही. हे मी तुमच्या ध्यानात आणून दिलं. तर तुम्ही म्हणालात, "काम न्हाई म्हनून डोकं दुखत न्हाई." तळेगावात सातवीपर्यंत शिकलेली बायको केलीत, तिला चारचौघांत मास्तरीण म्हणून मिरवलंत, पण तिचं ऐकायचं म्हटलं की लगेच बघू की. मला भीती वाटायची. हा धूर एक दिवस तुम्हाला नेणार असं वाटायचं. तसं मी कधी तोंडानं बोलले नाही, कारण असलं बोलू नये म्हणतात.

मग हौसाचा दिवस आला. थंडी होती. वरच्या ठाकरवाडीहून चार माणसं तिला झोळीत घालून खाली घेऊन आली. पहिलं बाळंतपण, आदल्या दिवसापासून अडलेली. तळेगावच्या दवाखान्यात न्यायची म्हणून तुम्ही गाडी काढलीत, आणि बाईमाणूस बरोबर हवं म्हणून मी बसले. वारं लागू नये म्हणून पुढच्या बैठकीचे दोन्ही बाजूंचे कापडी पडदे मीच घट्ट ओढून घेतले. कामशेतही आलं नव्हतं आणि ती पोर माझा हात धरून म्हणाली, "बाय, मला भाईर काढा. हितं माजा जीव घुसमाटतुया." तिचे डोळे फिरले. मग ओकली, आणि मान टाकली.

तुम्ही गाडी थांबवलीत. आपण दोघांनी तिला उचलून मागं हौद्यात पोत्यांवर निजवलं. वर गोधडी घातली. गार वारं लागलं तशी ती हळूहळू भानावर आली. तळेगावपर्यंत मी तिचं डोकं मांडीवर घेऊन हौद्यातच बसले. मुलगी झाली, दोघीही जगल्या. तिच्या नवऱ्यानं तुमचे पाय धरले तर तुम्ही मागं सरकलात. दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ बसून होतात. मग माझ्याकडं न बघता म्हणालात, "माज्या गाडीत मेली असती ती." आणि थोड्या वेळानं, "उद्या नळी काडतो." त्या दिवशी बघू की आलं नाही. मला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही.

लढाई संपून लष्कराचं भंगार तेव्हा विकायला निघालं होतं. त्यातून तुम्ही एका मोठ्या लॉरीचा सायलेन्सर आणि आपल्या गाडीला पुरून उरेल एवढी लांबलचक नळी आणलीत. सायलेन्सर बघून भावजी म्हणाले, "दादा, ह्यात शेळी बशील की!" नळी जुनीपेक्षा जाड आणि सरळसोट. आसावरून वळवून न्यायची तर ती वाकवणं आलं. नुसती तापवून वाकवली की मधेच चेपते, म्हणून आत वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडाची बुचं ठोकायची आणि मग लोहाराच्या भट्टीवर धरायची, असं तुमचं चाललं होतं. वाळू तुम्ही सरळ नदीवरून आणलेली, ओलीकिच्च. मी म्हटलं, अहो, ही वाळू तापली की तिच्यातल्या पाण्यानं जायचं कुठं? बूच उडेल आणि कुणाचा तरी डोळा जाईल.

मग पंचमीला ज्या कढईत लाह्या फोडते, तीच चुलीवर चढवली आणि तुमची वाळू भाजायला घेतली. टोपलीभर वाळू, थोडी थोडी करून. तुम्ही शेजारी उकिडवे बसून मूठभर उचलून बघत होतात. म्हणालात, "मास्तरीन, आज नवऱ्याला वाळू वाडती काय?" मी म्हटलं, आळणी आहे, वरून मीठ घ्या. एवढंसं बोलणं. पण आपण इतके हसलो की भावजी आत डोकावून गेले. गेल्या काही दिवसांत तुमचे कितीतरी प्रसंग आठवायचा प्रयत्न केला. बाकीचे ओढून आणावे लागतात. हा मात्र आपसूक येऊन बसतो.

नळी झकास वाकली. इंजिनाशी जोडायच्या जागी तांब्याची नवी चकती बसली, सायलेन्सर हौद्याखाली लटकला, आणि मग तुम्ही देवघरातली उदबत्ती मागितलीत. मला वाटलं, पूजा करायची असेल. तर इंजिन चालू ठेवून तुम्ही गाडीखाली आडवे झालात आणि जळती उदबत्ती एकेका सांध्याजवळ धरत गेलात. कुठं फट राहिली असती तर उदबत्तीचा धूर फुंकर मारल्यासारखा उधळला असता. तो सगळीकडं सरळ वर गेला. बाहेर येऊन म्हणालात, "उदबत्ती लावलीच हाय तर हळदकुंकू बी वाहा." सायलेन्सरला हळदकुंकू वाहिलेली मावळात मी एकटीच असेन.

त्या नळीचे माझ्यावर उपकार आहेत, ते इथं सांगून टाकते. तिनं मला तुमच्या दुपारी परत दिल्या. तुम्ही डोकं धरून बसायचं थांबलात. जेवायला लागलात, जेवल्यावर बोलायला लागलात. खंडाळ्याच्या चढाला गाडी आता धापा टाकत नाही, हे रोज नव्यानं सांगायचात आणि मी रोज नव्यानं ऐकायचे.

पण दुसऱ्याच दिवशी गावानं आपली फजिती पाहिली. घड्याळ कुणाकडं होतं? गाडीचा आवाज लांबून आला की बाया चरवीतलं दूध कॅनमध्ये ओतायच्या आणि रस्त्याला यायच्या, वर्षानुवर्षं हेच चालत आलेलं. त्या दिवशी गाडी आली, फाट्यावर उभी राहिली, आणि कुणी आलंच नाही. भोंगा म्हणावा तर त्याचा रबरी फुगा कधीच सडून गेलेला, इतकी वर्षं त्याची गरजच पडली नव्हती. तुम्ही हाका मारल्यात, वाट पाहिलीत, आणि लोणावळ्याची वेळ चुकेल म्हणून निम्मे कॅन रिकामे घेऊन पुढं गेलात. बायका घरात कान देऊन बसलेल्या. ऊन वर आलं तरी गाडी नाही. मग काय, कामशेतापासून कार्ल्यापर्यंत घरोघरी खवा आटायला लागला. शेजारच्या सरूमावशी तपेलीभर आटीव दूध घेऊन आल्या आणि ओट्यावर आदळून म्हणाल्या, "घे, तुज्या मालकानं समद्या गावाला बासुंदी खाऊ घातली. गाडी हाय का मांजर गं ती? पायाचा आवाज न्हाई!"

मी म्हटलं, नवा भोंगा आणा. तुम्ही म्हणालात, "भोंगा कुनाचाबी असतू. मोटारीचा बी, बसचा बी. बाईला कळाया नको का, गाडी आपली हाय म्हनून?" आणि दोन दिवस गाडीखाली घालवून तुम्ही तो कटआउट बसवलात. नळीच्या खालच्या अंगाला एक झडप, झडपेला तार, ती तार वर बैठकीपाशी आणलेली. ओढली की झडप उघडते, धूर सायलेन्सरला चुकवून मधूनच बाहेर पडतो आणि जुना गडगडाट होतो. सोडली की पुन्हा चिडीचूप. धरायला काहीतरी हवं म्हणून माझ्या दोऱ्याचं रिकामं रीळ तारेला बांधलंत. मी भांडले, म्हटलं, म्हणजे पुन्हा धूर? "मागं हाय, हौद्याखाली. तोंड जमिनीकडं." मी ऐकलं नाही. तुम्हाला तार ओढून धरायला लावली आणि उदबत्ती घेऊन स्वतः आत बसले. धूर सरळ होता. हरले.

मग तुम्हाला त्याचा नादच लागला. कामशेताला एक लांब, आपल्या कार्ल्याला दोन तुटक, प्रत्येक गावाला निराळी हाक. पोरंसोरं तोंडानं काढून दाखवायची. आणि दुपारी खंडाळ्याहून परत येताना आपल्या फाट्याच्या वळणावर एक लांब, आणि मागून एक अगदी लहानशी. तेव्हा कुणाचं दूध घ्यायचं नसायचं. रिकामे कॅन घेऊन घरी येणाऱ्या गाडीला हाक मारायचं कारणच काय? विहिरीवरच्या बाया काय ते समजायच्या. सरूमावशी कोपरानं ढोसायच्या, "जा, नाव घेतलं बघ तुजं."

आपल्यात नाव घ्यायची रीत नाही. मी तुमचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. कुणी विचारलं, मालक आहेत का घरात, तर मी सांगायचे, गाडी अजून आली नाही. तुम्हीही मला चारचौघांत कधी नावानं हाक मारली नाहीत. मास्तरीण, नाहीतर अगं, ऐकलंस का. आणि ती लहानशी हाक साऱ्या शिवारात ऐकू जायची. मला लाज वाटायची. मी कितीदा म्हटलं, त्या वळणावर ओढत जाऊ नका, लोक हसतात. तुम्ही म्हणायचात, बघू की. हे भांडण आपलं तसंच राहिलं. मिटवायचं माझ्याही मनात नव्हतं, हे तुम्हाला कळत होतं की नाही कुणास ठाऊक.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. तुम्ही लोकांना मोठ्या ऐटीत सांगायचात, "आमच्या घरी च्या कवाबी तयार असतू. गाडीवरनं उतरायचा आनि कप हातात घ्यायचा." अहो, असा कुठल्या घरात चहा कधीही तयार असतो? वळणावरची ती हाक आली की मी विहिरीवर असले तर घागर टाकून, शेजारी असले तर बोलणं अर्धवट सोडून घरी धावायचे. चूल निखाऱ्यावर ठेवलेली असायची. वळणापासून दारापर्यंत गाडी येईतो चहाला उकळी फुटायची. तुम्ही लोकांना सांगत राहिलात आणि मी सांगू दिलं. मला ते आवडायचं, एवढंच.

शेवटी धुरानं तुम्हाला नेलं नाही. तापानं नेलं. मी वर्षानुवर्षं ज्या दारावर पहारा दिला ते सोडून तो दुसऱ्याच दारानं आत आला. वैद्यांचे काढे झाले, ताप उतरेना, तेव्हा भावजींनी गाडी काढली आणि आपण तळेगावला निघालो. तुम्ही मधे, डोकं माझ्या खांद्यावर. पडदे ओढलेले होते, पण धुराचा वास मुळीच नव्हता. तेवढंच माझ्या लक्षात येत होतं, की हवा चांगली आहे. फाट्याचं वळण आलं तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत आणि स्वच्छ आवाजात विचारलंत, "तार वढली का रं?"

भावजी म्हणाले, "व्हय दादा, वढली."

ओढली नव्हती. मी त्यांचा हात बघत होते, तो रिळापर्यंत गेला आणि मागं आला. नंतर ते मला म्हणाले, "बाया कॅन घिऊन पळत आल्या असत्या, वैनी. दादाला तसा बघितला असता." खरंच आहे ते. तुम्ही डोळे मिटलेत. त्यानंतर तुम्ही पुष्कळ बोललात, पण कळण्यासारखं काही नाही. तुम्हाला तो आवाज आला नाही हे तुमच्या कानांना कळलं असेल का? का धाकट्या भावानं सांगितलं म्हणून ऐकू आल्यासारखं वाटलं? मी या एका गोष्टीवर अडकले आहे. रडणं बहुतेक तिच्याच पलीकडं आहे.

भावजीही तिथंच अडकलेत. मघाशी जाताना अंगणातून वळून म्हणाले, "त्या दिशी वढली न्हाई, आता कुठल्या हातानं वढू?" तार काढून टाकावी असं त्यांच्या मनात आहे. तसं झालं तर बायांना पुन्हा खवा आटवत बसावं लागेल, किंवा दुसऱ्या कुणाची गाडी येईल आणि ही गोठ्याशेजारी उभी राहून गंजेल. माझ्या एका शब्दावर सगळं आहे. तुम्ही नेहमीप्रमाणं बघू की.

इथपर्यंत काल लिहिलं होतं. आज सकाळी भावजी आले तेव्हा मी उत्तर दिलं. म्हटलं, "भावजी, गावांपाशी ओढा. ज्या गावाची जी हाक असेल तीच ओढा, त्यांचं दूध खोळंबायला नको. हात तुमचाच आहे, लाजायचं कारण नाही. दुपारी परत येताना आपल्या वळणावर मात्र ओढू नका."

ते गाडीकडं वळले. मग म्हणाले, "न्हाई वढत, वैनी." कारण विचारलं नाही. भला माणूस आहे तुमचा भाऊ.

मी तांदूळ निवडायला बसले. उजाडल्यावर बऱ्याच वेळानं लांबून आपल्या गावाच्या दोन तुटक हाका आल्या. अगदी तुमच्यासारख्या नव्हत्या, दुसरी जरा जास्तच ताणली होती, पण होत्या. सरूमावशी कॅन घेऊन पळत रस्त्याकडं गेल्या आणि जाता जाता त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सुपातले खडे काढत राहिले.

दुपारी गाडी वळणावर कधी आली ते कळलं नाही. दारात उभी राहिली तेव्हा मान वर केली. भावजी उतरले, रिकामे कॅन खाली ठेवले, हातपाय धुऊन ओट्यावर बसले आणि सवयीनं बोलून गेले, "वैनी, च्या आना." हातात कप आला नाही तसे माझ्याकडं बघायला लागले.

चूल थंड होती.

"थांबावं लागेल, भावजी," मी म्हटलं, आणि काटक्या घेऊन आत गेले.